आजची भाकर आजच : ख्रिस्ती श्रद्धेत टिकाऊ समाधान कसे रुजवावे

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक गोष्ट सरळ कबूल केली. बाप्तिस्म्याला आठ वर्षे उलटल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त काही अजून मिळालेला नाही. संस्कृत कोळून प्यायलेली, अमेरिकेत सभा गाजवून आलेली, मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलेली ही बाई आठ वर्षे आत कुठेतरी उपाशीच होती.

मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हायसे वाटले. मी जन्माने ख्रिस्ती, नगरचा. संडे स्कूल, नाताळातली गाणी, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली निम्मी गीते तोंडपाठ. तरी चाळिशीत आतून सगळे कोरडे ठाक. मग कुणीतरी एका मोठ्या कन्व्हेन्शनला, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामेळाव्याला, नेले. तीन रात्री रडलो, हात वर केले, घरी येऊन सगळ्यांची माफी मागितली. तिसऱ्या आठवड्यात ज्वर उतरला आणि मी पुन्हा होतो तिथेच. त्यानंतर दोनदा तेच. सभांना नावे ठेवायची नाहीत, तिथे काहींचे आयुष्य खरोखर बदलते. पण सणाचे जेवण हे रोजचे जेवण नव्हे, एवढे समजायला मला सहा वर्षे लागली.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांसाठी मान्ना नावाचे अन्न आकाशातून पडते. जो तो आपल्यापुरता मान्ना वेचतो. उद्यासाठी म्हणून कुणी राखून ठेवला तर त्यात किडे पडतात. आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ महिन्याचा किराणा एकदम भरून दे, असे म्हणत नाही. पुढे जे सांगणार आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती फिरते. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, धर्मशास्त्राची पदवी नाही. घरी आठवड्याला एक छोटी प्रार्थनासभा भरते, तिथे गेली पंधरा वर्षे जे चालले आणि जे फसले, ते हे.

आधी आपली भूक ओळखा

एक कोरा कागद घ्या आणि ‘मला समाधान नाही’ हे वाक्य न वापरता आपल्याला नेमके काय नाही ते लिहा. झोप नाही? कुणी ऐकून घेत नाही? मुलगा बोलत नाही? जुना अपराध टोचतो? पैशाची ओढाताण आहे? की सगळे ठीक असूनही रविवारी संध्याकाळी पोटात खड्डा पडतो?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई, म्हणजे यहूदी ज्यांना दूर ठेवत त्या समाजातली, भर दुपारी विहिरीवर येते. येशू तिच्याकडे आधी पाणी मागतो, मग तिच्या तहानेवर बोलतो आणि हळूहळू तिच्या घरातल्या गोष्टीपर्यंत येतो. ती मधेच उपासना कुठल्या डोंगरावर करावी असा वाद काढते. आपणही हेच करतो. दुखते तिथे बोट टेकले की लगेच सिद्धान्तावर जातो. म्हणून कागद. त्यावर जे येईल ते देवाला नवे नसते, आपल्याला असते.

याच कागदावर आणखी एक चाळणी लावून घ्या. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा, आजच. प्रार्थनाही करा. पण ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद कर’ असे सांगणारा कितीही मोठा प्रचारक असो, त्याचे ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. प्रेषित पौलाने त्याला कलस्सैकरांच्या पत्रात ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे.

आणि ज्यांना देवाकडून नोकरी, व्हिसा किंवा फ्लॅट हवा आहे त्यांनी तो जरूर मागावा, मागण्यात कमीपणा नाही. फक्त तो मिळाल्यावर भूक भागेल असे धरून चालू नये. अर्पण टाकले की दुप्पट परत, असा हिशेब जिथे शिकवला जातो तिथून मी तरी चप्पल घालून निघतो.

जागा, वेळ आणि दूध

रोजच्या वाचनाला आणि प्रार्थनेला वीस मिनिटे पुरेत. पण ती रोज एकाच वेळी आणि एकाच ठिकाणी. आमच्याकडे खिडकीपाशी एक वेताची खुर्ची आहे, तिच्या बाजूला स्टुलावर पवित्र शास्त्र (बायबल), एक वही आणि पेन. पेन नसेल तर ते शोधायला उठायचे आणि वाटेत वर्तमानपत्र दिसायचे, हे मी बरेच महिने केले आहे.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. मी फ्रिजवर ठेवतो. मोबाइलवर शास्त्र वाचू नये असे नाही, प्रवासात मीही वाचतो. पण सकाळच्या बैठकीला कागदाचेच बरे. वचनाच्या डोक्यावरून बँकेचा मेसेज सरकत गेला की मन त्याच्या मागे जातेच.

वेळ कोणती? जी तुम्हाला खरोखर मिळते ती. पहाटे चारला उठून प्रार्थना करणाऱ्या संतांच्या गोष्टी वाचून मी पहाटे चारचा गजर लावला होता. चार दिवस उठलो, पाचव्या दिवशी ऑफिसात डुलक्या घेतल्या. रात्रपाळीच्या नर्ससाठी सकाळ म्हणजे झोपायची वेळ, तिने दुपारी चारला बसावे. लहान मूल असलेल्या आईला वीस मिनिटे सलग मिळत नाहीत, तिने सात मिनिटे दोनदा घ्यावीत. आमच्या सभेतल्या एक मावशी कुकरच्या शिट्ट्यांवर हिशेब ठेवतात. पहिली शिट्टी होईपर्यंत वाचन, तिसरीपर्यंत प्रार्थना. चालते.

दूध गॅसवर ठेवून मात्र बसू नका. ‘देव बोलत होता म्हणून उतू गेले’ हे कारण आमच्या घरात एकदाच खपले.

कुठून वाचावे आणि कसे वाचावे

बहुतेक लोक उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करतात आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकात, यज्ञांच्या नियमांत, गळतात. त्यात लाज वाटून घेऊ नका.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार, म्हणजे येशूपासून पुढचा बायबलचा भाग, दिला. टिळकांनी तो खुणा करत वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या पाच ते सात या अध्यायांपाशी, ते अडकून बसले. पुढे सरकवेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, टिळक अडले तिथे थांबले, ‘रोजचे तीन अध्याय’ असे टार्गेट त्यांच्यापुढे नव्हते. दुसरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसारच मोडला. कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, भांडल्या, विचार करत राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी आल्या. एकाच घरात एकाला दोन वर्षे लागली, दुसरीला आणखी पाच. घरातल्या कुणाला ओढून शेजारी बसवायचा मोह झाला की हे आठवावे.

माझा सल्ला, मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत, भाषा भरभर चालणारी. एकदा सगळा मार्क एका बैठकीत गोष्टीसारखा वाचून काढा, दीड-दोन तास लागतात. मग दुसऱ्या फेरीत रोज दहा-पंधरा वचने, हळू. या हळू वाचण्याची एक जुनी रीत आहे. बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या, एकांतात राहणाऱ्या कार्थुसी पंथातल्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग काही न करता देवाजवळ नुसते बसणे. नावे भारदस्त आहेत, काम साधे आहे. एक उतारा करूनच दाखवतो.

मार्क, अध्याय ४, वचन ३५ ते ४१. वादळाची गोष्ट.

पहिल्यांदा मोठ्याने वाचा. कुजबुजत नाही, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतपत. डोळे ओळी खातात, कान खात नाहीत. संध्याकाळ झाली आहे. येशू म्हणतो, पलीकडे जाऊ या. लोकसमुदायाला सोडून ते निघतात. ‘दुसऱ्याही नावा त्याच्याबरोबर होत्या.’ मग वादळ.

दुसऱ्यांदा वाचताना जे खडबडते तिथे बोट ठेवा. मला एकदा ‘उशी’ या शब्दावर थांबावेसे वाटले. नावेच्या मागच्या भागात तो उशी घेऊन झोपला होता. ही गोष्ट मत्तय आणि लूकही सांगतात, पण उशी फक्त मार्काकडे आहे. दिवसभर बोलून थकलेला माणूस, ओल्या फळ्यांवर, डोक्याखाली उशी. गालील समुद्र म्हणजे खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर. समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून अधिक खाली, भोवती डोंगर. वरचा गार वारा अचानक खाली कोसळतो आणि पाणी उसळते. १९८६ साली पाणी आटले तेव्हा त्याच्या चिखलात त्या काळातली एक नाव सापडली, सव्वाआठ मीटर लांब आणि दोन मीटरहून थोडी जास्त रुंद. आपल्या एसटीपेक्षा आखूड. एवढ्या नावेत दहा-बारा घाबरलेली माणसे, पाणी आत येतेय, आणि तो झोपलेला.

शिष्य काय म्हणतात? आम्ही बुडतोय, तुम्हाला काही काळजी आहे की नाही? हे वाक्य मला ओळखीचे वाटले. त्या आठवड्यात आईचे ऑपरेशन होते आणि मी हेच म्हणत होतो, फक्त सभ्य शब्दांत.

तिसरी पायरी प्रार्थना. तिथे मी सभ्य शब्द टाकून दिले. ‘प्रभू, तू झोपलायस. मला भीती वाटते.’ एवढीच प्रार्थना झाली त्या दिवशी. चौथ्या पायरीवर गप्प बसलो. काही विशेष घडले नाही, उजेड वगैरे दिसला नाही. पण हॉस्पिटलच्या बाकावर दुपारी बसलो असताना ती उशी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहिली. घाबरण्यासारखे असूनही जो झोपू शकतो तो आपल्याच नावेत आहे, हे मला कुणी समजावून सांगितले असते तर मी मान डोलावून विसरलो असतो.

आणि त्या दुसऱ्या नावा? मार्क त्यांचा पुन्हा उल्लेखही करत नाही. वारा थांबला तो त्यांच्यासाठीही थांबला असणार. यावर मी अजून विचार करतो आहे.

वहीत रोज एकच ओळ लिहा : वचन आणि बोट ठेवलेला शब्द. निबंध नको. वर्षभराने ती वही चाळली की आपण कशाकशावर अडखळत होतो ते दिसते.

प्रार्थना आपल्या भाषेत

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुईट (एका कॅथलिक पंथाचा धर्मगुरू) गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचे ख्रिस्तपुराण गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. त्याला लॅटिन येत होते, पोर्तुगीज येत होते. पण इथल्या माणसाच्या जिभेवर ओवी आहे हे ओळखून तो ओवीत शिरला. तीनशे वर्षांनी टिळक म्हणत, मी तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, ख्रिस्तायन हे काव्य लिहायला घेतले आणि ते अपुरे राहिले तेव्हा लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

हे सगळे असताना आपल्यातले कितीतरी लोक प्रार्थनेला बसले की भाषांतर झाल्यासारखे बोलू लागतात. ‘हे स्वर्गीय पित्या, आम्ही या सुंदर समयी तुझ्या सन्निध आलो आहोत.’ घरात असे कोण बोलते? उपासनेत ठरलेले शब्द हवेतच, त्यांना वजन असते. पण खुर्चीवर एकटे असताना आईशी ज्या मराठीत बोलता त्या मराठीत बोला. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत, वसईची सामवेदी असेल तर सामवेदीत. जीभ सैल झाली की मन सैल होते.

शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना सात दिवसांत वाटून घ्या. परंपरेने तिच्यात सात मागण्या धरतात. रविवारी ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ इथपासून सुरुवात केली की बुधवारी भाकर येते आणि गुरुवारी ऋणांची क्षमा. त्या दिवशी तेवढे एकच वाक्य, बसमध्ये, जिन्यात, लिफ्टमध्ये. गुरुवार जड जातो. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना सोडले आहे’ म्हणताना एखादा चुलतभाऊ हमखास आठवतो. क्षमा होत नसेल तर होत नाही असेच सांगा आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा म्हणा. माझ्या एका प्रकरणाला तीन वर्षांचे गुरुवार लागले.

तक्रार करायलाही शिका. आपल्याला लहानपणापासून ‘उपकारस्तुती करा’ एवढेच शिकवलेले असते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच चार वेळा ‘कोठवर’ येते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. ज्यांनी शास्त्राचे संकलन केले त्यांनी ते गाळले नाही. प्रत्यक्ष येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ देवाशी भांडणारा माणूस देवाशी बोलत तरी असतो. न भांडता नुसते दूर झालेले लोक परत येताना मी फार कमी पाहिले.

स्तोत्रे लावून वाचायची असतील तर रोज पाच वाचली की महिन्यात दीडशे होतात. एकशे एकोणिसावे एकशे शहात्तर वचनांचे आहे, त्या दिवशी तेवढेच पुरे.

रात्रीची पाच मिनिटे

जेझुईट पंथाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नाशियस, याने सोळाव्या शतकात दिवस तपासून पाहायची एक पद्धत घालून दिली. मूळ पायऱ्या पाच : आभार, उजेड मागणे, दिवस उलगडून पाहणे, चुकलेल्याबद्दल क्षमा, उद्याचा निश्चय. ती कॅथलिकांची म्हणून आमच्याकडचे काही लोक नाक मुरडतात. मला तर तिचा फायदाच झाला. अंथरुणावर पडण्याआधी, दिवा बंद करायच्या आत.

माझ्या वहीतले एक पान जसेच्या तसे : ‘सकाळी स्तोत्र ४, मधेच डोळा लागला. दुपारी वॉचमनला पाण्यावरून तोडून बोललो. चूक त्याची नव्हती, पंप जळाला होता. संध्याकाळी जिन्याजवळ जुईचा वास. उद्या वॉचमनशी आधी बोलायचे.’

दुसऱ्या दिवशी बोललो. तो म्हणाला, ‘काय साहेब, मी तर विसरूनही गेलो.’ खोटे बोलत होता. पण त्यानंतर आम्ही एकमेकांची चौकशी करू लागलो आणि त्याच्या मुलीच्या दहावीच्या निकालाचे पेढे आमच्या घरी आले.

ही तपासणी म्हणजे स्वतःला रोज फटके मारणे नव्हे. आभार आधी, अपराध नंतर, हा क्रम मोडू नका. अपराधापासून सुरू केले की पंधरा दिवसांत माणूस वही टाळू लागतो.

मंडळी

एकट्याने हे सगळे काही महिने जमते. मग गाडी रुतते.

ज्या चर्चमध्ये आहात तिथे वर्षभर नेमाने जा आणि त्या वर्षात चर्च बदलण्याचा विचार काढू नका. संगीत चांगले नाही, पाळकांचा उपदेश लांबतो, कमिटीत दोन गट आहेत, हे कुठल्या मंडळीत नाही? पौलाची करिंथकरांना लिहिलेली पत्रे वाचा, तिथे तर प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ एकत्र भाकर मोडण्याच्या) वेळी काही जण उपाशी आणि काही जण प्यायलेले. मात्र जिथे पैशाचा हिशेब विचारता येत नाही, पाळकाला प्रश्न विचारला की शाप देतात, किंवा बायकामुले सुरक्षित नाहीत, तिथे वर्ष काय, एक रविवारही काढू नका.

मंडळीत एक बिनकौतुकाचे काम घ्या. सतरंज्या घालणे, खुर्च्या मोजणे, उपासनेनंतरचा चहा. माइकपासून लांबचे काम निवडा. आणि एक माणूस निवडा, ज्याला महिन्यातून एकदा खरे सांगता येईल. कॅथलिकांना पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूजवळ पापे कबूल करायची, सोय आहे. आम्ही प्रॉटेस्टंटांनी ती सोडली आणि तिच्या जागी बरेचदा काहीच ठेवले नाही. याकोब मात्र नव्या करारातल्या आपल्या पत्रात लिहून गेला आहे की आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा. तोंड सांभाळणारा माणूस शोधा, वय आणि पद नंतर पाहा.

हाताला काम

रमाबाईंना आतली शांती लाभल्यावर त्या डोळे मिटून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या, शेती, विणकाम, छापखाना. शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, तिथल्याच बायकांना वाचता यावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याच्या थोडेच आधी हे काम हातावेगळे झाले होते. एका हाताने जात्यातले पीठ आणि दुसऱ्याने ग्रीक व्याकरण, असे ते आयुष्य होते.

आपल्याला केडगाव उभारायचे नाही. एकच माणूस धरा. जिन्यातल्या एकट्या आजोबांची औषधे, कामवाल्या ताईंच्या मुलाचे गणित, डायलिसिसला जाणाऱ्याची सोबत. नेमाने, ठरलेल्या वारी. फोटो काढू नका, स्टेटसला लावू नका. डाव्या हाताला कळू नये असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आणि त्यात गंमत अशी आहे की गुपचूप केलेल्या गोष्टीची ऊब फार दिवस टिकते, बोलून दाखवली की लगेच निवते.

घरकामाच्या रगाड्यात असलेल्यांनी ब्रदर लॉरेन्सची आठवण ठेवावी. सतराव्या शतकातला पॅरिसचा हा कार्मेली पंथाच्या मठातला बंधू पूर्वी सैनिक होता, पायाने अधू. मठात त्याला स्वयंपाकघर मिळाले, त्याला मुळात न आवडणारे. तिथेच, भांड्यांच्या खणखणाटात, तो देवाशी बोलायला शिकला. पुढे त्याने असे सांगितले की कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत त्याला फरक उरला नव्हता. हे एका दिवसात होत नाही. भाकरी थापताना पहिल्या एका भाकरीपुरते जमले तरी पुष्कळ.

काहीच वाटत नाही तेव्हा

हे येणारच. साधारण सहा-आठ महिन्यांनी येते. वचने लाकडासारखी लागतात, प्रार्थना छताला आपटून परत येते.

आधी साधी कारणे तपासा : झोप, शुगर, थायरॉइड, लपवलेला अपराध, न संपलेले भांडण. यातले काही सापडले तर ते निस्तरा. काहीच सापडले नाही तर घाबरू नका. क्रूसाचा योहान या स्पॅनिश संताला १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच पंथाच्या लोकांनी तोलेदोत कोठडीत टाकले. पुढच्या ऑगस्टमध्ये तो निसटला. त्या अंधाऱ्या खोलीत त्याने कविता रचल्या, आणि देव हरवल्यासारख्या काळाला त्याने दिलेले ‘काळोखी रात्र’ हे नाव आज जगभर वापरतात. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लोक हादरले. जवळपास पन्नास वर्षे त्यांना आतून देवाची जवळीक जाणवत नव्हती. तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या आणि मग रस्त्यावर उतरत होत्या. त्यांना ढोंगी म्हणणारेही निघाले. मला वाटते, विहिरीला पाणी दिसत नसतानाही जो रोज पोहरा सोडतो तो ढोंगी नसतो.

अशा दिवसांत वेळ कमी करा, मोडू नका. वीसची पाच मिनिटे करा. नवे काही वाचू नका, पाठ असलेले म्हणा. तेविसावे स्तोत्र, किंवा लहानपणीचे एखादे गीत, सुरात नसले तरी चालेल. दुसऱ्याला सांगा, ‘माझ्याकडून होत नाही, तू माझ्यासाठी म्हण.’ मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात आणि छप्पर उसकून खाली सोडतात. येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असे तिथे लिहिले आहे. खाटेवरचा माणूस स्वतः एक शब्दही बोललेला नाही.

दिवस बुडाले तर

बुडतील. लग्नसराई, आजारपण, मुलांच्या परीक्षा, नुसता आळस. आठ-दहा दिवसांनी वही उघडाल तेव्हा मागचे भरून काढायला बसू नका. राहिलेले अध्याय एकदम वाचणे म्हणजे आठवड्याचा मान्ना एका टोपलीत कोंबणे, त्याचे काय होते ते वर सांगितलेच आहे. आजची तारीख टाका आणि आजचे वाचा. मधली पाने कोरी राहू द्या. माझ्या २०२० च्या वहीत सलग एकोणीस कोऱ्या तारखा आहेत.

उद्या सुरू करत असाल तर मार्क, अध्याय पहिला, वचन १ ते १५. वही, पेन, खुर्ची आज रात्रीच लावून ठेवा. दूध मात्र आधी तापवून, उतरवून, झाकण घालून मग बसा.